गुडघे बघून दिलेली घरं

(कोलशेत, खाडीजवळची पुनर्वसन वसाहत. सात मजली इमारतीचा पहिला मजला. सकाळ.)

कृतिका : पण काढलेत का, मावशी? परवा संध्याकाळपर्यंत आम्ही तिघं जण लावत होतो. अख्ख्या मजल्याचे स्टिकर गेले!

बायजा : दुसऱ्या मजल्याचेपन गेले. तिसऱ्यावर सरस्वती काढतेय. लय चिकट गोंद हाय गो बाय तुमचा. हा एक निघतच नव्हता, त्याला मासलीची सुरी लावली. हातात घेऊ नको, वास येईल.

कृतिका : अहो, तो नुसता कागद नव्हता. आमचा स्वयंसेवक दारात आला, त्यानं स्टिकरवर मोबाइल धरला की घरात कोण राहतं, कोणाला बीपी, कोणाला दमा, कोणती गोळी चालू आहे, सगळं समोर येतं. उद्या कोणी अचानक पडलं तर...

बायजा : दारात काय तुमचाच मानूस येतो? लाईटवाला येतो, केबलवाला येतो, मतं मागनारे येतात. त्यांनीपन धरला मोबाइल नि त्यांना कललं बायजाला शुगर हाय, तर? उद्या नाक्यावर सुकट घेता घेता गिऱ्हाइक विचारील, मावशी, सकालची गोली घेतली का?

कृतिका : दुसऱ्या कोणाला दिसत नाही ते. फक्त आमच्या मोबाइलवर दिसतं. दहा वेळा सांगितलंय मी. आणि तुमचं खरं कारण हे नाहीच आहे.

बायजा : मग काय हाय?

कृतिका : ते तुम्ही सांगायचं. हे बघा, आले सेक्रेटरी. धनेशदादा, तुमच्या काकूंनी काय केलंय बघा. संस्था, गृहप्रकल्पाचं ऑफिस आणि रहिवासी, असा तिघांचा करार आहे आपला. रहिवाशांतर्फे सही तुमची आहे.

धनेश : मॅडम, दोन मिनिटं द्या. सातव्यावरून उतरलोय. लिफ्ट परत बसली.

कृतिका : परत?

धनेश : चालू कधी होती? ... काकी, हे काय केलंस यार? आज साहेब येणारेत. आजच सुचलं तुला?

बायजा : आज येनार म्हनूनच आज काढले. उद्या काढून काय करू, लोनचं घालू?

कृतिका : मी नीट सांगते, मग चिडा. ऑफिसचे साहेब आज दारं बघणार. स्टिकरवरचं नाव, घराचा नंबर आणि आत राहणारा माणूस, तिन्ही जुळलं तर तळमजल्याची आरोग्य खोली कायमची आपली. आठवड्यातून दोनदा फिजिओथेरपिस्ट, रक्त तपासणी, बायकांचा व्यायाम, सगळं. नाही जुळलं तर खोलीला कुलूप.

बायजा : आपली कशी गो? खोली आमची. सोसायटीच्या ऑफिसला मिलालेली, आमी बसून ठरवली दवाखान्याला द्यायची. चुना आमच्या बायकांनी मारला. पंखा धनेशच्या घरातला. तुमचा काय, तर बोर्ड.

कृतिका : आणि डॉक्टर. आणि औषधं. आणि मी.

बायजा : तू हाईस, ते खरं. तुझ्याबद्दल नाय बोलत मी.

धनेश : मॅडम, नावांचं होऊन जाईल. माझं सगळं सेट आहे. काकी, ऐक. काकांना आज हॉस्पिटलमधून सोडतायत ना? चांगदेव गेलाय व्हॅन घेऊन. काकांना इथे आणायचंच नाही. डायरेक्ट वर, सातशे तीनला. मी आणि प्राप्ती, आम्ही नवरा-बायको, खाली येऊन बसू, एकशे तीनला. साहेब येतील, बघतील, चहा पितील, जातील. मामला खतम.

बायजा : वर? कसं नेशील?

धनेश : खुर्चीत बसवून. आपलं गोविंदा पथक आहे की. टेंभी नाक्याला आठ थर लावतात पोरं, सात मजले काय चीज आहे?

बायजा : हंडीला वर चढवलेल्या पोराला खाली झेलायला मानसं असतात. तुझ्या काकाला खाली कोन आननार? तुझे साहेब?

धनेश : रात्री परत आणू ना.

बायजा : परत पाहनी लागली तर परत वर न्यायचा? देवीची पालखी हाय का ती?

कृतिका : थांबा. मला एक कळू द्या. दामाजीकाका सातशे तीनचेच आहेत ना? यादीत तसंच आहे. मग त्यांना त्यांच्याच घरी नेण्याला 'सेट करणं' का म्हणताय?

धनेश : नाही, म्हणजे... मॅडम, ते तसं नाही...

कृतिका : राहू द्या. मला त्या दिवशीपासून अंदाज आहे. काका इथे, एकशे तीनमध्ये पडलेले सापडले. मला सांगितलंत, पुतण्याकडे चहाला आले होते. मावशी, चहाला आलेल्या माणसाच्या लुंग्या दोरीवर वाळत नसतात.

बायजा : तवा विचारलं नाय ते?

कृतिका : काकांना अ‍ॅम्ब्युलन्समध्ये घालत होते. तेव्हा काय लुंग्यांबद्दल विचारणार?

धनेश : मॅडम, प्लीज. हे इथल्या इथे ठेवा. अ‍ॅलॉटमेंट रद्द करतात. मागच्या बिल्डिंगला दोन घरं सील झाली, मी डोळ्यांनी बघितलंय.

बायजा : त्यांनी विकली व्हती. आमी विकलं काय? भाड्यानं दिलं काय? सांग तिला. नायतर मी सांगते. मना लाज वाटावी असं यात काय बी नाय.

कृतिका : सांगा.

बायजा : खाडीवर आमची घरं व्हती. आमचं, सरस्वतीचं, नाथाचं. रस्त्यात गेली. बदल्यात ही बिल्डिंग. कोनाला कुठलं घर, तर सोडत. चिठ्ठ्या काढल्या. आता तूच बघ चिठ्ठीनं काय केलं. माझ्या म्हाताऱ्याचे गुडगे गेलेले, आयुष्यभर चिखलात उभा राहून. त्याला सातवा. सरस्वतीला धाप, तिला सहावा. नाथाच्या आईला दिसत नाय, तिला पाचवा. नि पहिल्या मजल्यावर कोन? हा. तवा लग्नपन झालं नव्हतं याचं. तालमीला जायचा.

धनेश : क्रिकेट खेळायचो. तालमीला नाही.

बायजा : तेच ते. उड्या मारायचा ना?

कृतिका : म्हणून तुम्ही बदललीत घरं. काका-काकूंनी पुतण्याचं घेतलं, पुतण्या वर गेला.

बायजा : आमचीच नाय. सगल्या बिल्डिंगची. चाव्या मिलाल्या त्याच संध्याकाली, खाली मैदानात. तुना ठाऊक हाय का, होडी किनाऱ्याला लागली की मासलीचे वाटे कसे करतात?

कृतिका : नाही.

बायजा : सारखे ढीग लावायचे. मग एकानं ढिगांकडे पाठ करून उभं रायचं. दुसऱ्यानं ढिगावर बोट ठेवायचं नि विचारायचं, हा कोनाचा? पाठ केलेल्यानं नाव घ्यायचं. त्याला दिसत नाय, म्हनून भांडन नाय. मासलीला ते बराबर हाय. ढीग सारखेच असतात. पन घर नि मानूस सारखं असतं काय? सरकारनं पाठ करून वाटे टाकले. आमी त्या संध्याकाली तोंड फिरवलं, एकेकाचे गुडगे बघितले, नि परत वाटे टाकले. धापवाला खाली, तरना वर. पोटुशी बाय दुसऱ्याच्या वर नाय. एकाचंपन भांडन झालं नाय.

धनेश : एक झालं. नाथाचं आणि माझं. टेरेसवरून.

बायजा : ते टेरेसवरून. घरावरून नाय.

कृतिका : मावशी... रीतसर करता आलं असतं हे. वैद्यकीय कारणासाठी अदलाबदलीचा अर्ज असतो. वेळ लागतो, पण असतो.

धनेश : दिलेला ना मॅडम. मीच दिलेला काकांसाठी, नंतर. चार वेळा गेलेलो. उत्तर काय आलं माहितीये? इमारतीस उद्वाहनाची सोय आहे, सबब विनंती मान्य करता येत नाही.

कृतिका : उद्वाहन.

धनेश : लिफ्ट. ती बघा, तिथे. दरवाजा उघडून बघा, आत कबुतरं आहेत.

बायजा : तू मागच्या महिन्यात भाषन केलंस, ही आरोग्यदायी वसाहत व्हनार. टाल्या वाजवल्या मी. पन मनात बोलले, बाय, तू यायच्या आधीच आमी अर्धी केली हाय. गोल्या तुमी द्या. जिना आमी आमचा सोडवला.

कृतिका : सोडवलात ना? मग त्या दिवशी काय झालं?

धनेश : मॅडम...

कृतिका : नाही, बोलू द्या मला. मावशी, तुम्ही तेव्हा नाक्यावर होतात. काका या दारात पडले. तळमजल्याच्या खोलीत स्ट्रेचर होतं, ऑक्सिजन होता, नर्स होती. एक जिना चढायचा होता, बस. आणि आमचा सिद्धेश स्ट्रेचर घेऊन सातव्या मजल्यावर पळाला. पक्षाघात होता. त्यात मिनिटा-मिनिटानं फरक पडतो. मी सिद्धेशला काय काय बोलले! वसाहतीतून काढलं त्याला. म्हटलं, यादी बघून डोळे मिटून पळतोस का? माणूस कुठे पडलाय ते विचारत नाहीस का?

बायजा : त्याला काढलंस?

कृतिका : काढलं. कल्याणला पाठवलं, दुसऱ्या प्रकल्पावर.

धनेश : त्याची चूक नव्हती, मॅडम.

कृतिका : यादीत सातशे तीन होतं, मान्य. पण फोनवर विचारायला काय झालं होतं?

धनेश : विचारलेलं त्यानं. सरस्वतीकाकीनं फोन केलेला. त्यानं विचारलं, घर नंबर? काकी बोलली, सातशे तीन.

कृतिका : काय? ती कुठे होती तेव्हा?

धनेश : इथेच. काकांचं डोकं मांडीवर घेऊन बसलेली.

कृतिका : माणूस मांडीवर आणि तोंडात सातशे तीन? का?

बायजा : मी शिकवलं व्हतं म्हनून. तिला नाय फक्त, सगल्यांना. बाहेरच्यानं विचारलं तर सोडतीतलाच नंबर सांगायचा. झोपेतून उठवून विचारलं तरी तोच. लहान पोरांकडून घोकून घेतला मी, पाढ्यासारखा. सरस्वती घाबरली. घाबरलेल्या मानसाच्या तोंडात घोकलेलंच येतं.

कृतिका : आणि मी सिद्धेशला दोष दिला.

बायजा : बोल ना. मनाच बोल. तुना बोलायचा हक्क हाय.

कृतिका : सरस्वतीकाकी कशा आहेत आता?

बायजा : कशी असनार? तवापासून सरस्वती माझ्या डोल्यांत बघत नाय. मी जवल गेली की उठते नि काम मागते. भांडी घासू का, जवला निवडू का. आज बोलली, स्टिकर काढू का. बोलले, काढ. तेवढंच तिच्या नखांना काम.

धनेश : काकी, रडू नको ना.

बायजा : रडत नाय मी. टर्पेनचा वास येतोय तुझ्या शर्टाला. कुठं गेलेलास?

धनेश : दरवाजाला रंगाचा हात मारला प्राप्तीनं. विषय बदलू नको. मॅडम, आता तुम्हाला सगळं कळलंय. आजचा दिवस सांभाळून घ्या. काका वर. प्राप्ती खाली. उद्यापासून जैसे थे.

कृतिका : आणि परत कोणी पडलं तर? आमचा माणूस परत सातव्यावर?

धनेश : तुम्ही तुमच्या लोकांना कानात सांगा ना, खरं काय ते. कागदावर एक, कानात एक.

कृतिका : किती जणांच्या कानात? अ‍ॅम्ब्युलन्सवाल्याच्या? रात्रीच्या डॉक्टरच्या? कानातला निरोप घेऊनच तो मुलगा सात मजले चढला, दादा. ... मावशी, मी एक सुचवू? काकांना थोडे दिवस डोंबिवलीला न्या, समृद्धीकडे. तुमची लेक बोलावतेच आहे. पाहणी होऊ दे, खोली मिळू दे, मग आणू परत.

बायजा : काल तीपन हेच बोलली. आई, माझ्याकडे या. जावई चांगला हाय. पन ज्याला घर हाय त्यानं पाव्हनं कशाला व्हायचं? नि त्याचा उजवा हात, त्याची जीभ, ते तिकरं कोन वलवनार? खाली खोलीत मशीन हाय ना व्यायामाचं?

कृतिका : आहे. काकांसाठीच आधी मागवलं मी.

बायजा : मग? मशीन तलाला, मानूस सातव्याला. वर गेलेला म्हातारा खाली येत नाय गो. आधी बोलतात, उद्या जाऊ. मग बोलतात, पाऊस हाय. मग खिडकीशी बसतो. मग खिडकीपन नको बोलतो. शेवटी खाली येतो तो चौघांच्या खांद्यावर. मी बघितलंय, बाजूच्या बिल्डिंगला. त्यांनी बदलली नाय घरं. नियमानं वागले.

धनेश : थांब, चांगदेवचा फोन. ... हां, बोल. ... निघालात? ... नौपाड्याचा सिग्नल? बरं. ... काकांना विचार, पाणी पाहिजे का. ... मान हलवली? चालेल. ये. ... काकी, येतायत. सांग आता. पोरांना खुर्ची घेऊन खाली उभं करू का?

बायजा : माल्यावर लाल डबा हाय. तो काढ.

धनेश : कसला डबा?

बायजा : रंगाचा. होडीचा. नि ब्रशपन, त्याच्याच बाजूला, फडक्यात गुंडाललेला.

धनेश : आता रंग कशाला?

बायजा : नाव घालायला. या दारावर. दामाजी.

धनेश : काकी!

बायजा : ओरडू नको. होडीवरपन मीच घालायची. तो जालं विनायचा, मी नाव रंगवायची. दर साली, नारली पुनवेच्या आधी. अक्षर बघ माझं, खाडीच्या पलीकडून वाचता यायचं. इतकं मोठं घालते की साहेबाला चष्मा लागू नये.

कृतिका : मावशी, विचार करा. स्टिकर तुम्ही काढलेत कारण नाव उघडं पडू नये. आणि आता तेच नाव तेलरंगात?

बायजा : व्हय. स्टिकरवर कोनाचं नाव व्हतं? याचं. धनेशचं. माझ्या दारावर खोटं नाव मना नको. आतापरेंत लपवलं, त्याचं काय झालं ते बघितलं. आता नाय लपवनार. येऊ दे कोनाला यायचं ते.

धनेश : तुझ्या दारावर? काकी, कागदावर हे माझं घर आहे. तू इथे काकांचं नाव घातलंस की साहेब मला विचारणार, तू कुठे राहतोस? माझं हे पण गेलं आणि ते पण गेलं. प्राप्तीला सहावा लागलाय. तिला घेऊन कुठे जाऊ? रस्त्यावर?

बायजा : तुझं नाव मी कुठंच लिवनार नाय. तुझं दार वर हाय, त्याचं तू बघ. मी माझ्या नवऱ्याचं लिवते. ... नि एक सांगू? सहावा लागलेल्या बायनं सातव्यावर नाय रायचं. आपलाच नियम हाय तो. तिला खाली कवाच आनायला पायजे व्हती. तू बोलला नाईस, नि मी या दवाखान्यात अडकले, ध्यानात आलं नाय. नाथाची बाय दुसऱ्यावरचं सोडते बोललीय, आंधली म्हातारी खाली सरस्वतीकडं रायील.

धनेश : कधी बोलली?

बायजा : काल. पानी भरताना.

कृतिका : म्हणजे अजून एक अदलाबदल? आज?

बायजा : पोट वाढतं ते साहेबाला विचारून वाढतं काय?

कृतिका : मावशी, मी हे सगळं ऐकलंय. आता मला साहेबांसमोर खोटं बोलता येणार नाही.

बायजा : मग खरं बोल. तुना खोटं बोल कोन बोललं?

कृतिका : खरं बोलले तर खोली जाईल. करारात स्पष्ट आहे, माहिती जुळली नाही तर प्रकल्प बंद. माझी संस्थाही म्हणेल, इतके महिने काय तपासत होतीस? फिजिओ जाईल. काकांचं मशीन जाईल. हा विचार करा ना.

बायजा : केला. मशीन गेलं तर मी हात वलवीन. तेल लावून, रोज. मशीनएवढं नाय जमनार, ठाऊक हाय मना. पन तो इकरं असेल. दार उघडं ठेवलं की खाडीचा वारा येतो, मानसं येतात-जातात, नाथा येऊन शिव्या देतो, त्याला शिव्या द्यायला तरी जीभ हलवील. सातव्यावर काय हाय? कबुतरं.

धनेश : कबुतरं लिफ्टमध्ये आहेत.

बायजा : दोन्हीकडं हाईत. डबा काढतोस की मी स्टुलावर चढू? शुगरवाली बाय हाय मी, पडेन. मग सिद्धेशपन नाय इकरं.

धनेश : ... सरक. काढतो.

कृतिका : दादा, तुम्ही खरंच काढताय?

धनेश : मी नाही काढला तर ती चढेल, मॅडम. तुम्ही नवीन आहात. ... हा घे. झाकण गंजलंय.

बायजा : सुरी दे ती. मासलीची. ... हां. बघ, वर साय धरलीय, खाली रंग ताजा. कृतिका, तुझी ओढनी मागं घे. तेलरंग हाय, जात नाय.

कृतिका : मला एक फोन करायचाय.

धनेश : कोणाला? मॅडम, साहेबांना नको...

कृतिका : सिद्धेशला आधी. ... हॅलो, सिद्धेश? कृतिका बोलतेय. कल्याणला पोचलास का? ... ऐक. त्या दिवशीचं, ती चूक तुझी नव्हती. मी न विचारता बोलले तुला. ... नाही, समोर सांगेन. आज परत ये कोलशेतला. येताना कोरे स्टिकर आण, सगळ्या इमारतीपुरते. ... हो, पुन्हा. या वेळी दार वाजवायचं, दार उघडणाऱ्याला विचारायचं आणि तो सांगेल ते लिहायचं.

बायजा : पेशंटचं तुमच्याच मोबाइलमध्ये दिसनार, बाकीच्यांना नाय. नक्की ना?

कृतिका : नक्की. तुमची शुगर नाक्यावर जाणार नाही.

बायजा : मग लावू देते.

कृतिका : आता साहेब. ... नमस्कार सर. कृतिका बोलतेय, आरोग्य प्रकल्प. हो, तयारी झाली. सर, एक आधीच सांगते. तुमच्या यादीतले नंबर आणि प्रत्यक्षातली घरं जुळणार नाहीत. ... नाही सर, थोडीफार नाही. बरीचशी. ... विकलेली नाहीत. एकही नाही. आजारी आणि म्हातारी माणसं खाली आहेत, तरुण वर आहेत. ... हो सर, मला करार माहीत आहे. ... हो, त्याचे परिणामही माहीत आहेत. ... तुम्ही या आणि बघा. आणि सर, लिफ्ट बंद आहे, तेव्हा सातव्यापासून सुरुवात करा. पायी. ... हॅलो? ... ठेवला.

धनेश : काय बोलले?

कृतिका : येतो म्हणाले. आवाज चढला होता.

बायजा : सातव्याला गेल्यावर उतरेल.

धनेश : गेलो आपण. गेलो. काकी, 'दा' जरा वर घे, वाकडा जातोय.

बायजा : लाट हाय ती. होडीवर असंच असायचं.

धनेश : दारावर कसली लाट?

बायजा : माझं दार हाय, माझी लाट. ... सरस्वती! ए सरस्वते! खाली ये गो! नखं पुरे झाली. ये, बघ, नीट लिवलंय का. नाय, काय काम नाय सांगत तुना. फक्त ये.

कृतिका : येतील त्या?

बायजा : येईल. तिला मी सांगनार हाय, दुसऱ्या ओलीत नंबर तू घाल. एकशे तीन. तिच्याच हातानं.

धनेश : डब्यात किती उरलाय?

बायजा : कशाला?

धनेश : असंच.

बायजा : पुरेल चार दारांना. पातल केला तर सहा.

धनेश : काकी... नाथाची बायको आज खाली घेते का प्राप्तीला? आजच?

बायजा : तिचं सामान बांधून झालंय. वाट बघतेय, तू कवा तोंड उघडतोस त्याची.

धनेश : मग सातशे तीनवर नाथाचं नाव येणार. आणि दुसऱ्या मजल्यावर माझं. ... च्यायला. साहेबाचं डोकं फिरणार. ब्रश झाला की मला दे. मीच घालतो माझं. तुझी लाट नको मला.

कृतिका : व्हॅन आली वाटतं खाली. हॉर्न वाजतोय.

धनेश : चांगदेवच आहे. आणि मागे... मॅडम, ती पांढरी गाडी साहेबांची ना?

कृतिका : त्यांचीच. इतक्या लवकर?

धनेश : दोन्ही एकदमच आल्या. काकी, आता? खुर्ची इथे की...

बायजा : इकरं. एकच जिना हाय, चार पायऱ्यांवर दम घेऊ द्या त्याला. नि साहेबाला सांगा, मानूस चढतोय, मागं थांबा.

कृतिका : सर, नमस्कार. एक मिनिट, मागेच थांबा हं. पेशंट वर जातोय. ... हो, घरी. पहिल्या मजल्यावर.

धनेश : सावकाश, चांगदेव. भिंतीच्या बाजूनं. काका, डावा हात माझ्या खांद्यावर. बस्स. एक. अजून एक. ... बघितलं का काका, कोणाचं नाव आहे ते?

बायजा : या. सावकाश या. अवो, दाराला हात नका लावू, रंग ओला हाय.